पिंक सॅमन पायाशीच असतात

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं की फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-दोरा बांधून केलेली नकली माशी, म्हणजे फ्लाय, टाकून मासे धरणं) शिकायचंय तर सुरुवात कुठल्या माशापासून करू, आणि तिघांनाही मी तेच सांगितलं, पिंक सॅमन. एकाने लगेच तोंड वाकडं केलं. आमच्या वॉशिंग्टन राज्यात पिंकला फारसा मान नाही हे खरंय, लोक त्याला हम्पी, म्हणजे कुबड्या, म्हणतात, किंग आणि कोहो ह्या मोठ्या सॅमनच्या मागे असलेल्या माणसाच्या गळाला पिंक लागला की त्याचा चेहरा पडतो. मला मात्र हा मासा मनापासून आवडतो, मला जेवढं फ्लाय फिशिंग येतं त्यातलं बहुतेक ह्याच माशाने शिकवलंय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी वर्षाचं सांगते, कारण तिथेच बरेच जण चुकतात. पिंकचं आयुष्य बरोब्बर दोन वर्षांचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीच्या गोट्यांमध्ये अंडी पडतात, हिवाळाभर ती तिथेच गोट्यांखाली असतात, वसंतात पिल्लं वर येतात आणि तीन-साडेतीन सेंटिमीटरची असतानाच सरळ समुद्राची वाट धरतात. कोहोचं पिल्लू वर्षभर नदीत काढतं, पिंकचं थांबतच नाही. मग साधारण दीड वर्ष समुद्रात, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी परत नदीत, अंडी घालायची आणि संपलं. सगळ्या पॅसिफिक सॅमनमध्ये सगळ्यात छोटं आयुष्य आणि सगळ्यात छोटा मासा, दीड ते अडीच किलोचा. आणि दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं असल्यामुळे सम वर्षी येणारे आणि विषम वर्षी येणारे पिंक एकमेकांना कधी भेटतच नाहीत, एकाच नदीत राहूनही ती दोन वेगळी घराणी झालीत. प्युजेट साउंडच्या (वॉशिंग्टनमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या) नद्या आणि वर कॅनडातली फ्रेझर ह्या विषम वर्षांच्या नद्या. अलास्कात सम वर्षांतही भरपूर येतात. आमच्या स्नोहोमिश नदीच्या खोऱ्यात सम वर्षी थोडे दिसतात, पण खरी गर्दी विषम वर्षाची. 2025 साठी प्युजेट साउंडचा सरकारी अंदाजच 70 लाखांच्या वर होता. तेव्हा सम वर्षी उत्साहाने रॉड घेऊन बसू नका, 2027 ची तयारी करा.

मी जाते ती नदी स्कायकोमिश, इकडे सगळे नुसतं स्काय म्हणतात. कॅस्केडच्या डोंगरांतून येते, हायवे 2 च्या बाजूबाजूने गोल्ड बार, सुल्तान, मन्रो अशी गावं घेत, आणि मन्रोच्या खाली स्नोक्वाल्मीला मिळून दोघींची स्नोहोमिश होते, ती पुढे एव्हरेटला समुद्रात जाते. शिकायला ही नदी चांगली कारण उन्हाळ्याच्या शेवटी पाणी स्वच्छ असतं, मासे दिसतात. पुयालपमध्येही पिंक भरपूर येतात पण ती माउंट रेनियरच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन येते, दुधी गढूळ, तिथे मासा कुठे आहे ते डोळ्यांनी कळत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये बाबा आमच्याकडे आले होते. सकाळी एकटं घरी बसण्यापेक्षा चला म्हटलं, तर आले, फोल्डिंगची खुर्ची घेऊन गोट्यांच्या पट्ट्यावर बसले, अंगावर माझं जुनं जॅकेट आणि हातात चहाचा थर्मास. मी मांडीपर्यंत पाण्यात. त्याआधी महिनाभर कास्टिंगची, म्हणजे लाइन फेकण्याची, प्रॅक्टिस केली होती आणि लाइन बऱ्यापैकी लांब जायला लागली होती, त्यामुळे मी सगळा जोर लावून मधल्या धारेत फ्लाय टाकत होते, जिथे पाणी हिरवं खोल दिसत होतं. मासे तर होते, दर मिनिटाला कुठेतरी एखादा पाठ दाखवून जायचा. दोन तास झाले, एक झटका नाही. मी फ्लाय बदलली, मग लाइनचं टोक बदललं, मग परत पहिली फ्लाय लावली.

बाबा उठून काठापर्यंत आले आणि म्हणाले, "अगं तू एवढं लांब का टाकतेयस? मासे तर इथे आहेत, तुझ्या मागे."

मी म्हटलं, "बाबा, तिथे गुडघाभर पण पाणी नाहीये."

"मी मघापासून बघतोय ना. तू पाय ठेवलास तेव्हा हलले, आता परत आलेत."

मी वळून बघितलं. माझ्या आणि काठाच्या मधे, एक मोठा ओंडका अडकलेला होता त्याच्या खालच्या बाजूला, जिथे पाणी जवळजवळ उभं होतं, तिथे तळाच्या गोट्यांवर राखाडी-हिरव्या सावल्या होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. सगळ्यांची तोंडं वरच्या दिशेला, शेपट्या अगदी सावकाश हलत होत्या, मधेच एखादा थोडा बाजूला सरकायचा की दुसरा त्याच्या जागी. मी सकाळी अंधारात त्यांच्यातूनच चालत आत गेले होते आणि उरलेला वेळ त्यांच्याकडे पाठ करून उभी होते.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, पण दिसलं त्या दिवशी. पिंक जोरदार पाणी टाळतो. किंग किंवा स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) ज्या धारेतून वर जाईल त्या धारेत तो शिरत नाही, तो काठाकाठाने, वळणाच्या आतल्या बाजूने, ओंडक्याच्या आडोशाने, जिथे ओढ कमी तिथून वर सरकतो आणि दमला की संथ पाण्यात थवाच्या थवा थांबतो. ताकद कमी असते त्याच्यात, उडीही फार मारता येत नाही. फ्रेझर नदीच्या अरुंद घळईत, हेल्स गेटला, रेल्वेचं काम चालू असताना 1913 आणि 1914 मध्ये दगड नदीत कोसळले, पात्र आणखी अरुंद झालं आणि पाण्याचा जोर इतका वाढला की सॉकाय सॅमनचे प्रचंड हाल झालेच पण वरच्या नद्यांमधला पिंक तर जवळजवळ नाहीसाच झाला. 1940 च्या दशकात तिथे मासे चढायला काँक्रीटचे मार्ग बांधले, त्यानंतर कुठे हळूहळू पिंक वर दिसायला लागला. कुठलीही नदी बघताना मी आता हाच विचार करते, की ह्या पाण्यात दीड-दोन किलोचा, काही खात नसलेला, फार जोर नसलेला मासा विश्रांतीला कुठे थांबेल. उत्तर बहुतेक वेळा काठापासून पाच-सात मीटरच्या आतच असतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघायचं. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड गॉगल नसेल तर रॉडआधी तो घ्या, खरंच.

त्या दिवशी मी पाण्यातून बाहेर आले, मोठा वळसा घालून ओंडक्याच्या वर गेले आणि तिथून जेमतेम आठ मीटर लाइन टाकली.

पण जागा कळली म्हणून मासा लागला असं नाही झालं. इथे दुसरी गोष्ट येते, वेग. धारेत फ्लाय टाकली की पाणीच तिला ओढत नेतं, आपण नुसती लाइन ताणून धरायची, त्याला स्विंग म्हणतात. संथ पाण्यात ओढणारं कुणी नसतं, फ्लाय आपल्या हाताने आणावी लागते, आणि माझा हात फार भराभर चालत होता. नदीत शिरल्यावर पिंक खात नाही, पोटच आकसत जातं त्याचं, त्यामुळे तो भुकेने फ्लायच्या मागे धावणार नाही. मग घेतो का? चिडून घेतो म्हणतात, जुन्या सवयीने घेतो म्हणतात, मला वाटतं दोन्ही असावं. पण घ्यायचीच तर ती त्याच्या तोंडासमोरून, त्याच्याच उंचीवरून, हळू गेली पाहिजे. म्हणजे किती हळू, तर तुम्हाला वाटेल त्याच्या निम्म्याने. चार बोटं लाइन ओढायची, थांबायचं, मनात एक-दोन म्हणायचं, परत चार बोटं. थांबलं की फ्लाय थोडी खाली बसते, पिसं फुलतात, आणि बहुतेक मासे त्या थांबण्यातच लागतात.

पहिला लागला तेव्हा मला कळलंच नाही. झटका वगैरे काही नाही, लाइन नुसती जड झाली, ओलं पान अडकल्यासारखी. मी रॉड उचलला आणि मासा सुटला. हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ आहे. रॉड उचलायचा नाही, जड वाटलं की हाताने लाइन तशीच पुढे ओढत राहायची, लांब आणि सलग, म्हणजे गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, आणि मासा वळून जोर लावायला लागला की मग रॉड उचला. पिंकचं तोंड मऊ असतं, फार ताणलं तर गळ फाडून बाहेर येतो, तेव्हा सैल पण नको आणि हिसका पण नको. दुसरा लागला तो मात्र नीट धरला. बाबा गुडघ्याएवढ्या पाण्यात चपलांसकट उतरले होते.

आता सामानाचं, हे पटकन सांगते कारण ह्यात फार डोकं लावायची गरज नाही. 9 फुटी, 6 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचं माप) रॉड पुरे, 7 चालेल, 8 घेतलात तर मासा खेळल्याची मजा जाते. लाइन फ्लोटिंग, आणि तिच्या टोकाला 10 फुटांचं हळू बुडणारं सिंक टिप, अगदी उथळ पाण्यात तेही काढून टाकायचं. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला पारदर्शक दोरा, छोटा, चार-पाच फूट, शेवटी 8 किंवा 10 पाउंडाचं टिपेट, म्हणजे त्याचं बारीक टोक, लांब लीडर लावलात तर टिप बुडेल पण फ्लाय वर तरंगत राहील. फ्लाय गुलाबी. हो, पिंक माशाला पिंक फ्लाय, आणि माशाचं नाव त्यावरून पडलेलं नाही (ते मांसाच्या रंगावरून), पण गुलाबी रंग जितका ह्या माशाला चालतो तितका दुसरा कुठलाच चालत नाही, समोरच्या काठावर स्पिनिंग रॉडवाले जिग (डोक्याला वजन असलेला गळ) टाकतात तेही गुलाबीच असतात. मी 6 आणि 8 नंबरच्या गळावर बांधते, गुलाबी माराबूची, म्हणजे मऊ पिसांची, छोटी शेपटी, अंगाला थोडी चमक, पुढे साखळीच्या मण्यांचे दोन डोळे, बस. भरगच्च बांधू नका. पिसं कमी असली की ओल्यावर बारीक होते आणि नीट बुडते, माझ्या सुरुवातीच्या जाड फ्लाय बुडायच्याच नाहीत. गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून टाकायचा, नियम असो नसो, मासा सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या कानातून काढायलाही.

नियमांवरून आठवलं. लायसन्स आणि कॅच कार्ड लागतं, मासा ठेवलात तर तो तिथल्या तिथे कार्डावर नोंदवायचा, घरी जाऊन नाही. नदीचा कुठला तुकडा कधी उघडा, दिवसाला किती मासे, हे दर वर्षी बदलतं आणि सीझनच्या मधेही बदलतं, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या अॅपवर बघितल्याशिवाय मी गाडी काढत नाही. आणि मासा ओळखता यायला हवा. शेपूट बघा. पिंकच्या शेपटीवर मोठे, लांबट, अंडाकृती काळे ठिपके असतात, वर-खाली दोन्ही पाकळ्यांवर, आणि शेपटीत चंदेरी अजिबात नसते. कोहोचे ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. किंगचे दोन्हीकडे असतात पण बारीक गोल, आणि शेपटीत चंदेरी झाक. पिंकचे खवले इतके बारीक की हात फिरवला तर सापाच्या पाठीसारखं गुळगुळीत लागतं.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचंय. थवे दाटीने उभे असले की भराभर लाइन ओढणाऱ्याचा गळ माशाच्या पाठीत, पोटात, शेपटीत अडकतो. मासा मग उलटा, धारेत, सगळा जोर लावून पळतो आणि बघणाऱ्याला वाटतं काय जबरदस्त मासा लागलाय. गोड्या पाण्यात गळ तोंडात न लागता असा अंगात अडकला तर तो सॅमन सोडायचा, हा इथला कायदाच आहे, पण कायद्याचं सोडा, अंगभर दोन-तीन जखमा घेऊन वर चाललेली मादी दिसली की पोटात कालवतं. एका शनिवारी माझ्या शेजारचा एक जण मुद्दाम झटके मारत होता, जड शिसं लावून, आणि मासे पाठीतून ओढून काठावर आणत होता. मी त्याला बोलले. त्याने ऐकलं नाही, मी अधिकाऱ्यांना फोन केला आणि परत करीन. तुमचे स्वतःचे मासे असे लागायला लागले तर समजा की फ्लाय फार खोल चाललीय किंवा फार जोरात, जागा बदला, सिंक टिप काढा, थव्याच्या मधे न टाकता कडेला टाका. कडेचा एखादा मासा बाहेर येऊन घेतो, आणि तो घेतलेला कळतो.

म्हणूनच मी म्हणते की शिकायला ह्याच्यासारखा मासा नाही. स्टीलहेडच्या मागे लागलात तर चार दिवसांत एक झटका, आणि तो नाही मिळाला तर चुकलं काय हे कळायला मार्गच नाही. पिंकमध्ये समोर पन्नास मासे असतात. फ्लाय वर आहे, कुणी घेत नाही. थोडी खाली नेली, एक वळून बघतो. हळू केली, घेतली. वेग वाढवला, परत बंद. अर्ध्या तासात पाणी तुम्हाला दहा वेळा उत्तर देतं. 2025 मध्ये मी एका मैत्रिणीला घेऊन गेले, तिने आयुष्यात पहिल्यांदा फ्लाय रॉड धरला होता, कास्टिंग म्हणजे नुसती लाइन पुढे ढकलणं चाललं होतं, पण मी तिला फक्त चार बोटं आणि एक-दोन एवढंच सांगितलं आणि दुपारपर्यंत तिने सहा मासे धरून सोडले.

खायचा असेल तर ताजा, चंदेरी, पोटाला पांढरा असलेलाच ठेवा, म्हणजे सीझनच्या सुरुवातीला आणि समुद्राच्या जितकं जवळ तितकं बरं. पिंकची चव वाईट असं म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांनी तो तीन तास उन्हात दोरीला बांधून ठेवलेला असतो. ह्याचं मांस नाजूक, चरबी कमी, लवकर मऊ पडतं. मारल्या मारल्या कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं, साफ करायचा आणि लगेच बर्फात, एवढं केलं तर उत्तम मासा आहे, धुरी दिलेला तर मला कोहोपेक्षा आवडतो. नदीत आठवडा-दोन आठवडे झालेले मासे हिरवट-तपकिरी पडतात, नराची पाठ फुगून कुबड येतं आणि जबडा आकड्यासारखा वळतो. ते सोडून द्या, त्यांना अजून काम आहे.

सप्टेंबर संपत आला की मी रॉड नेत नाही, नुसती जाते. उथळ पाण्यात, जिथे गोटे अंड्याएवढे असतात, तिथे तळाला फिकट, धुऊन काढल्यासारखे पट्टे दिसायला लागतात. ती घरटी. मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, चर खणते, परत सरळ होते, परत आडवी, तिची शेपूट पांढरी पडेपर्यंत घासलेली असते. नर बाजूला उभा, दुसरा आला की त्याच्या अंगावर जातो. एका मादीची गाबोळी साधारण दीड हजार अंड्यांची, थोडं इकडेतिकडे. खालच्या बाजूला कटथ्रोट ट्राउट वाहून येणारं एखादं अंडं टिपायला टपलेले. हे फिकट पट्टे दिसले की त्यांच्यावरून चालायचं नाही, वळसा घाला, काठावर जा. खूप लोक नकळत त्यांच्यावरच उभे राहून कास्ट करतात.

बाबांना मी हे दाखवलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं की परत समुद्रात नाही का जात हे. नाही म्हटलं, इथेच मरतात सगळे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि पिल्लांना रस्ता कोण दाखवतं?" मी सांगितलं की अंड्यातून आल्यापासून त्यांनी आईबाप बघितलेलेच नसतात. मेलेले मासे काठाला लागतात, वास सुटतो, किडे, पक्षी, अस्वलं, सगळ्यांचं त्यावर होतं, समुद्रातला नायट्रोजन काठावरच्या झाडांत सापडतो तो ह्यांच्यामुळे.

यंदाच्या हिवाळ्यात नदी खूप चढली होती. पुराने गोटे हलले की खालची अंडी जातात, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्याच ओंडक्यापाशी गेले, म्हणजे ओंडका आता नाहीये, पुरात गेला, पण जागा तीच. अंधार पडायच्या सुमाराला ही पिल्लं हलायला लागतात, रात्रीच खाली उतरतात. टॉर्च पाण्यावर तिरका धरून उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग बुटांच्या बाजूला, टाचभर पाण्यात, सुईसारखं काहीतरी चमकलं, मग आणखी दोन, मग मोजता येईनात. वाकून बघितलं. बाकीच्या सॅमनच्या पिल्लांच्या अंगावर काळसर पट्टे असतात, ह्यांच्या अंगावर एकही नव्हता, नुसती चंदेरी. शेपट्या पुढे करून, तोंड धारेकडे ठेवून, मागे मागे सरकत एव्हरेटच्या दिशेला चालली होती.